उंचीची भीती असताना उंच वास्तू कशा पाहाव्यात: जुन्या गोव्यापासून सुरुवात

जुन्या गोव्याच्या मोंत सांतू टेकडीवर संत ऑगस्टीनच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, पडका मनोरा उभा आहे. जवळजवळ ४६ मीटर उंच, सगळा जांभ्या चिऱ्यांचा. उंचीची भीती असलेली माणसे तिथे बहुतेक एकाच पद्धतीने वागतात. थेट पायथ्याशी जातात, मान मागे टाकतात, पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटली की नजर खाली घेतात आणि परत फिरतात. मनोरा पाहायचा राहूनच जातो. यात धीर कमी पडलेला नसतो, उभे राहण्याची जागा चुकलेली असते. योग्य अंतर, योग्य वेळ आणि शरीराला थोडा आधार एवढे सांभाळले, तर ज्याला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहवत नाही त्यालाही हा मनोरा तळापासून टोकापर्यंत सावकाश पाहता येतो.

उंच वास्तूखाली उभे राहून वर बघताना होणारा त्रास वेगळा आणि उंचावरून खाली बघताना होणारा वेगळा. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, उपायही वेगळे. म्हणून आधी वर बघण्याचे जमवायचे आणि मग चढायचे. एकाच दिवशी दोन्ही करायला गेलात तर दोन्ही फसतात.

भोवळ का येते

उभा माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. शरीर सतत बारीक बारीक झुलत असते आणि तीन ठिकाणांहून आलेल्या खबरींवर ते सावरले जाते: आतला कान, तळपाय आणि सांधे, आणि डोळे. डोळे हे झुलणे जवळच्या वस्तूंवरून मोजतात. समोर हातभर अंतरावर खांब असेल, तर आपण जरा हललो तरी खांब दृष्टीत हलतो आणि शरीर लगेच सावरते. जवळची वस्तू काही मीटरांच्या पलीकडे गेली की तेवढ्याच झुलण्याने दृष्टीत जवळजवळ काहीच बदलत नाही. डोळ्यांची खबर थांबते, झुलणे वाढते आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. कड्यावर, गच्चीवर, पुलावर हेच घडते. भीती मागाहून येते, पण ती आली की स्नायू ताठरतात आणि तोल आणखी बिघडतो.

वर बघताना यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. मान मागे गेली की आतल्या कानातले तोल सांभाळणारे भाग त्यांच्या सवयीच्या कोनात राहत नाहीत, त्यामुळे त्यांची खबर कमी भरवशाची होते. शिवाय दृष्टीत जमीन उरत नाही, फक्त मनोऱ्याचे टोक आणि आभाळ. ढग चालत असतील तर मेंदू ढगांना स्थिर धरतो आणि मनोराच अंगावर येतोय असे दाखवतो. निव्वळ भास आहे हे कळत असूनही पाय मागे जातात.

‘चक्कर येऊन पडेन’ ही भीती मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. उंचीच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब सहसा वाढतात, आणि शुद्ध हरपते ती सहसा रक्तदाब खाली गेल्यावर. तरीही काही लक्षणे भीतीच्या खात्यात टाकू नयेत: अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरणे, कानात आवाज येणे किंवा ऐकू कमी येणे, मान मागे नेल्यावर हाताला मुंग्या येणे, पूर्वी खरोखर बेशुद्ध पडलेले असणे. यांतले काही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. मानेचा स्पाँडिलोसिस असलेल्यांनी खाली दिलेली लांबची अंतरेच वापरावीत, पायथ्याशी जाऊच नये.

अंतर मोजून उभे राहा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून थोडे तपशिलात.

वास्तूच्या उंचीइतक्याच अंतरावर उभे राहिलात तर तिचे टोक साधारण ४५ अंशांवर दिसते. उंचीच्या दुप्पट अंतरावरून ते २७ अंशांवर येते, तिप्पट अंतरावरून १८ अंशांवर. साधारण ३० अंशांपर्यंत बहुतेक काम डोळेच करतात, मान फारशी मागे न्यावी लागत नाही. म्हणून दुप्पट अंतर ही आपली मुख्य जागा. तिथून अख्खी वास्तू एका नजरेत मावते आणि तिची प्रमाणे कळतात. तिप्पट अंतरावरून ती आजूबाजूच्या झाडांसकट, आभाळासकट दिसते. एकपट अंतर फक्त तपशिलांसाठी, तेही सवय झाल्यावर.

ऑगस्टीनच्या मनोऱ्यासाठी हे आकडे ४६, ९२ आणि १३८ मीटर. मध्यम चालीचे एक पाऊल सुमारे ७५ सेंटिमीटर धरले तर अंदाजे ६०, १२५ आणि १८५ पावले. पायथ्यापासून १० मीटरवर उभे राहिलात तर तेच टोक ७५ अंशांच्याही वर जाते. घाबरलेली माणसे नेमकी तिथे उभी असतात.

उंची माहीत नसेल तर हाताची मूठ वापरा. हात सरळ पुढे ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. नजरेच्या पातळीपासून मुठीवर मूठ रचत वर जा. टोक दोन मुठींच्या आत असेल तर तिप्पट अंतर, पावणेतीनच्या आसपास असेल तर दुप्पट, साडेचार मुठी झाल्या तर एकपट. पाच मुठींहून जास्त लागल्या तर मागे सरका. टेप नको, अॅप नको, आणि कोणत्याही गावात चालते.

जागा पक्की झाली की उभे राहण्याची तऱ्हा. पाय खांद्यांइतके फाकवा, एक पाऊल अर्धे मागे घ्या, गुडघे किंचित सैल ठेवा. तिसरा आधार जरूर घ्या. दुमडलेली छत्री जमिनीवर टेकवा किंवा झाडाच्या खोडाला बोटांची टोके लावा. भार टाकायची गरज नाही, नुसत्या हलक्या स्पर्शानेही झुलणे कमी होते, कारण शरीराला स्थिर वस्तूची खबर बोटांतून मिळते. बसायला कठडा असेल तर बसूनच बघा, त्यात काही कमीपणा नाही. रुंद काठाची टोपी घाला. काठ दृष्टीच्या वरच्या कडेला राहतो, आभाळ कापले जाते आणि डोळ्यांना एक जवळची वस्तू आयती मिळते.

आता बघणे. नजर एका दमात टोकाला नेऊ नका. तळाचा चिऱ्यांचा थर पकडा आणि थर मोजत वर चढा. पहिल्या कमानीपर्यंत पोचलात की थांबा. १० सेकंद वर, मग २० सेकंद नजरेच्या पातळीवरच्या जवळच्या वस्तूकडे, म्हणजे छत्रीच्या मुठीकडे, सोबत्याच्या खांद्याकडे, समोरच्या झुडपाकडे. पुन्हा जिथे सोडले होते तिथून पुढे. श्वास आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत. अशा चार-पाच फेऱ्यांत टोक येते, आणि तोवर चिरा कसा झिजलाय, सांध्यांतून झुडपे कुठे उगवलीत, कमानीची कड कुठे ढासळलीय हे सगळे पाहून झालेले असते. एका दमात मान टाकून बघणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

जुन्या गोव्यातला क्रम आणि वेळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात ढग वेगाने धावतात, चिऱ्यांवर शेवाळ धरते, दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध. मे महिन्यात उन्हानेच गरगरते आणि भीती कुठली, ऊन कुठले हे वेगळे काढता येत नाही.

सकाळी से कॅथेड्रलने सुरुवात करा. दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट त्यावर पडते आणि सूर्य तुमच्या पाठीशी राहतो. समोर मोकळे आवार आहे, हवे तेवढे मागे जाता येते. बांधकाम १५६२ साली सुरू झाले. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, त्यांतला उत्तरेचा १७७६ साली कोसळला. उरलेल्या एका मनोऱ्यामुळे इमारत एका बाजूला जड दिसते, आणि हे असंतुलन लांबूनच नीट कळते. लांब उभे राहणे म्हणजे तडजोड नव्हे, त्याचा हा रोकडा फायदा. सोन्याची घंटा म्हणून नावाजलेली मोठी घंटा याच उरलेल्या मनोऱ्यात आहे.

मग सेंट कॅजेटनची इगर्जी. घुमट आतून बघायचा असेल तर बाकावर बसून, पाठ टेकून. आत वर बघणे बाहेरपेक्षा सोपे जाते, कारण भिंती आणि खांब चारी बाजूंनी दृष्टीत राहतात आणि ढग नसतात. ज्यांना बाहेर अजिबात जमत नाही त्यांनी खुशाल इथूनच सुरुवात करावी.

बॉम जेझू बासिलिका दुपारनंतर घ्या. तिचे तोंड पश्चिमेला आहे, उतरते ऊन उघड्या जांभ्यावर पडले की कोरीव भागांच्या सावल्या लांबतात आणि मजले स्पष्ट वेगळे दिसतात. मजल्यांच्या आडव्या पट्ट्या हीच तुमची शिडी, एका पट्टीला एक श्वास.

ऑगस्टीनचा मनोरा शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी. मूळ चार मनोऱ्यांपैकी एकाचा हा उरलेला भाग. १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ साली छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भागासह मनोऱ्याचा बराच हिस्सा पडला. मोडलेली वास्तू भित्र्या डोळ्यांना जास्त छळते, तिची कड वाकडी असते आणि मेंदू तिला पडती समजतो. त्यामुळे आधी जमेल तेवढ्या लांबून, मग टेकडीच्या चढावर टप्प्याटप्प्याने जवळ. पायथ्याशी पोचल्यावर वर बघू नका, चिऱ्याला हात लावा. जांभ्याची भोके, त्यांत साठलेली माती, उन्हात तापलेला पृष्ठभाग. वरचे सगळे लांबून पाहून झालेलेच आहे, इथे फक्त तळ पाहायचा.

फोटो काढायची एक नेहमीची चूक: जवळ उभे राहून वाइड लेन्सने टिपणे. अशा फोटोत मनोऱ्याच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात, तो मागे पडतोय असे दिसते, आणि घरी फोटो बघूनसुद्धा पोटात गोळा येतो. दुप्पट अंतरावरून दोन-तीनपट झूम वापरा, फोन सरळ उभा धरा. दुर्बीण हवी असेल तर आठपट पुरे, आणि ती बसूनच वापरायची. दुर्बिणीत भोवतालचे सगळे झाकले जाते, उभ्याने लावली की तोल जातो.

फोंडा तालुक्यातल्या मंगेशीच्या देवळाचा सात मजली दीपस्तंभ हा वेगळा सराव आहे. तिथे मागे सरकायला जागा मर्यादित. अशा ठिकाणी चौकट वापरा. दाराच्या किंवा खांबांच्या आत उभे राहून बाहेर बघा, म्हणजे चौकटीची कड दृष्टीत स्थिर राहते. सात मजले खालून वर मोजा, मग वरून खाली. वरून खाली मोजणे सोपे जाऊ लागले की सवय झाली असे समजा. सोमवारी आणि उत्सवाच्या दिवशी गर्दीत हा सराव करू नका, धक्का लागला की सगळी मेहनत वाया जाते.

चढायला सुरुवात

आता खाली बघण्याकडे. यासाठी भीतीला ० ते १० असा अंक द्यायची सवय लावा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे पळून जावे असे वाटणे. ज्या जागी अंक ३ किंवा ४ येतो तिथे सराव करायचा. जागेवर थांबायचे, अंक निम्म्यावर आला की मगच पुढची पायरी. कधी पाच मिनिटे लागतात, कधी वीस. अंक चढता असताना खाली धावलात तर मेंदू एवढेच शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी तो अंक आणखी वरून सुरू होतो. थेट ८ किंवा ९ च्या जागी जाऊन उभे राहण्यातही काही शौर्य नाही, तिथे शिकणे होत नाही.

पणजीच्या इगर्जीच्या नागमोडी पायऱ्या पहिल्या धड्याला उत्तम. टप्पे रुंद, मध्ये थांबायला जागा, बाजूला कठडे, आणि प्रत्येक वळणावर उंची थोडीच वाढते. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली मोठी घंटा काही वर्षे आग्वाद किल्ल्यावर होती आणि १८७१ साली इथे आली, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकाच ओघात पाहावीत. पहिल्या टप्प्यावर कठड्यापासून तीन पावले मागे उभे राहा. आधी समोर, दूर क्षितिजाकडे. मग कठड्याची वरची कड दृष्टीत येईल एवढी नजर खाली. मग चौकातली झाडे. मग पायऱ्या. सरळ खाली पायथा सगळ्यात शेवटी. हा क्रम सगळीकडे तोच. कठड्यावर हात ठेवा, पण घट्ट आवळू नका. आवळलेली मूठ शरीराला सांगते की इथे धोका आहे. पुढच्या खेपेला फक्त बोटे, त्यापुढे हात मोकळा.

दुसरा धडा जुन्या गोव्याच्या माउंट इगर्जीची टेकडी. वरून इगर्जींचे माथे माडांतून वर आलेले दिसतात, पलीकडे मांडवी नदी. उतार झाडांनी भरलेला असल्याने डोळ्यांना जवळच्या वस्तू मिळतात, एकदम पोकळी लागत नाही. उंच वास्तू समपातळीवरून पाहायची असेल तर अशी टेकडी कुठल्याही गच्चीपेक्षा सोपी.

आग्वादचा तट रुंद आहे, आत उभे राहून चालते. शापोऱ्याच्या किल्ल्यावर वाट सुट्या खडीची, तट ठिकठिकाणी ढासळलेला आणि कठडा नाही. तिथली भीती रास्त आहे, ती घालवायचा प्रयत्न करू नका, कडेपासून लांबच राहा. कठडा कमरेच्या वर आणि मजबूत असेल तिथेच सराव, हा नियम मोडू नये.

पुलांबद्दल थोडक्यात. पणजीच्या अटल सेतूचे खांब आणि केबल पाहायला पुलावर जायची गरज नाही, पणजी-बेती फेरीबोटीतून मांडवीवरचे पूल पाण्याच्या पातळीवरून दिसतात. बोट हलते, म्हणून बसून किंवा दांडा धरून. गाडी स्वतः चालवत असाल तर पुलावर नजर पुढच्या रस्त्याच्या पट्ट्यांवर ठेवा, देखावा सोबतच्या माणसासाठी.

मुंबई, दुबई

गोव्यात सवय झाली की बाहेरच्या इमारतींना तेच गणित लागते. मुंबईचा राजाबाई मनोरा सुमारे ८५ मीटर, १८७८ साली पूर्ण झालेला. त्याच्या पायथ्याच्या रस्त्यावरून न बघता ओव्हल मैदान ओलांडून पश्चिम कडेला जा, दुपारचे ऊन मनोऱ्यावर असते. काचेच्या इमारतींत एक जादा त्रास: काचेत ढगांचे प्रतिबिंब चालते आणि भास दुप्पट होतो. तिथे फक्त खालचे दहा मजले जवळून, बाकी लांबून.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर. दुप्पट अंतर म्हणजे १,६५० मीटरच्या पुढे, म्हणजे दुसऱ्या रस्त्यावरून. वर जायचेच असेल तर १२४ आणि १२५ व्या मजल्यांवर सज्जा आहे, १४८ व्या मजल्याचा पहिल्या खेपेला विचार करू नका. संध्याकाळची गर्दी टाळून सकाळची वेळ घ्या. लिफ्टमध्ये कान बंद झाले तर आवंढा गिळा, तो हवेचा दाब आहे, भोवळ नव्हे. बाहेर पडल्यावर आधी इमारतीच्या मधल्या भिंतीला पाठ लावून दोन-तीन मिनिटे थांबा. मग काचेकडे सरळ न जाता तिरपे, काचेची उभी चौकट दृष्टीत ठेवून. अतिउंच इमारती वाऱ्यात किंचित डोलतात, तसेच बांधलेल्या असतात. जाणवले तर पुन्हा भिंतीशी. पारदर्शक जमिनीवर पाय ठेवणे या सरावाचा भाग नाही.

कुठे बिघडते

सगळ्यात जास्त बिघडते ते सोबत्यामुळे. ‘डोळे मिट आणि चल’ हा सल्ला उलटा आहे, डोळे मिटले की तोलाची एक खबर पूर्ण बंद होते. हात ओढणे, मागून दचकवणे, ‘एवढेसे काय’ म्हणणे, यांतले काही करणारा माणूस कितीही जवळचा असला तरी त्या दिवशी घरी ठेवा. चांगला सोबती अर्धे पाऊल पुढे आणि कठड्याच्या बाजूला उभा राहतो, अंक विचारतो आणि गप्प बसतो.

प्रोग्रेसिव्ह चश्म्यात खालचा भाग वाचनाचा असतो, त्यातून पायरी धूसर दिसते. उतरताना हनुवटी छातीकडे घ्या म्हणजे काचेच्या वरच्या भागातून पायरी दिसेल, किंवा लांबचा वेगळा चश्मा वापरा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. उपाशी जाऊ नका, पाणी पीत राहा. दोन पेग घेऊन धीर येतो असे वाटते, पण तोल आधी जातो. गाडी लागू नये म्हणून किंवा चक्करेवर घेतात त्या गोळ्या उंचीच्या भीतीवर चालत नाहीत, त्यातल्या कित्येकांनी झोप येते, पायऱ्यांवर ते धोक्याचे.

सराव आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, सलग तीन-चार आठवडे. महिन्यातून एकदा दिवसभर फिरण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. वहीत ठिकाण, अंतर किंवा टप्पा, आल्यावरचा अंक आणि निघतानाचा अंक एवढेच लिहा. पावसाळ्यात खंड पडला की भीती थोडी परत येते, ते अपेक्षितच आहे. ऑक्टोबरात वही उघडून शेवटी जमलेल्या जागेच्या एक पायरी आधीपासून सुरू करा. आणि भीतीमुळे वरच्या मजल्यावरचे घर, नोकरी किंवा रोजचा पूल टाळावा लागत असेल, तर हाच सराव मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत दाखवता येते. जाताना ती वही सोबत न्या, अंक वाचून डॉक्टरांना पहिली पायरी लवकर ठरवता येते.